हाडांच्या गिरणीतला विठूकाका

हे जेवायच्या आधी वाचू नका. नंतर लगेचही नको. एवढंच आधी सांगते.

आणि वाचून झाल्यावर खोटं म्हणू नका.

कारण यातली माणसं माझ्या घरातली आहेत. जे घडलं ते आमच्या स्वयंपाकघरात घडलं, आमच्या ताटांत घडलं. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात. ही नाही. ही लख्ख दुपारची आहे.

साल एकोणऐंशी सरून ऐंशी लागलेलं. पौष महिना. खालापूर तालुक्यात, कुंभिवलीच्या पुढे हमरस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. मी तेव्हा आईच्या पोटात होते. त्यामुळे मी जे सांगते ते आईनं सांगितलेलं. बाबांनीही सांगितलं, पण आयुष्यात एकदाच.

आणखी एक. कोंडाजी हा माझा आजोबा. बाबांचा सख्खा बाप. पण मी त्याला आजोबा म्हणत नाही. आमच्या घरात कुणीच म्हणत नाही.

आम्ही त्याला कोंडाजी म्हणतो. तेसुद्धा तोंड वाकडं करून.

आमच्या गावाच्या अंगाला तेव्हा एक कारखाना होता. गाव त्याला हाडांची गिरणी म्हणायचं. मुंबईकडून ट्रक भरून हाडं यायची. ढोरांची. काहींना अजून मांस चिकटलेलं, काहींना केस. बायका उघड्या हातांनी ती निवडायच्या. शिंगं एकीकडे, खुरं एकीकडे. मग हाडं बॉयलरच्या टाकीत उकळायची, त्यातून सुतारकामाचा सरस निघायचा. उरलेल्या हाडांचा चुरा करून खत व्हायचं.

वास... तो वास मला आई अजून सांगू शकत नाही. "कपडे धुतले तरी जायाचा नाय," एवढंच म्हणते. नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा पहिले काही दिवस ती पदर नाकाला लावूनच जेवली.

घरातली तिघं माणसं गिरणीत होती. कोंडाजी मुकादम. बाबा, म्हणजे गजा, बॉयलरवर. आणि कोंडाजीचा धाकटा भाऊ विठू, हाडं फोडायच्या शेडमध्ये. विठूनं लग्न केलं नव्हतं. आमच्याच घरात राहायचा, आमच्याच चुलीवरचं खायचा. आई त्याला काका म्हणायची. म्हणून आम्हीही विठूकाकाच म्हणतो.

संप झाला तो सोमीमुळे.

सोमी डोंगरावरच्या वाडीतली. हाडं निवडायला यायची. एक दिवस हाडाची बारीक कपची तिच्या तळहातात घुसली. हात सुजला. मग काळा पडला. मग त्यातून पू गळायला लागला, तरी ती कामावर येत होती, कारण न आली तर दुसरी उभीच होती. शेवटी हात मनगटापासून काढावा लागला.

गिरणीच्या साहेबानं तिला सांगितलं, "आता एका हातानं काय निवडणार तू? घरी बस."

त्या संध्याकाळी विठूकाका फाटकासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "उद्यापास्नं आमी आत जानार नाय. हातमोजे द्या, बूट द्या, हात धुवायला साबन द्या. आन् सोमीला भरपाई द्या. मग बगू."

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद.

भाद्रपद होता. गिरणीच्या अंगणात हाडांचा डोंगर तसाच पडलेला. वर पाऊस, मध्येच ऊन. चार-सहा दिवसांत तो डोंगर हलायला लागला. खरंच हलायचा. लांबून बघितलं तर पांढरा ढीग हळूहळू वळवळतोय असं दिसायचं. किडे. बोटाएवढे जाड किडे. भिंतीखालच्या मोरीतून ते रस्त्यावर यायचे. लोक त्यांच्यावर पाय देऊन चालायचे, दुसरा इलाजच नव्हता.

आणि माशा.

भाकरीवर माशा. तान्ह्या पोरांच्या डोळ्यांवर माशा. आजी, म्हणजे चंद्राबाई, ताटावर सतत पदर हलवत बसायची तेव्हा कुठे माणूस घास तोंडात घालू शकायचा.

साहेबाला ते हवंच होतं. वासानं गाव वाकेल, असा त्याचा हिशेब होता. पण गाव वाकलं नाही. बायका नाकाला फडकी बांधून फाटकावर बसल्या. सोमी सगळ्यांत पुढे.

फक्त कोंडाजी आत जायचा. मागच्या दारानं.

एका दुपारी जेवताना विठूकाकानं त्याला विचारलंच. "दादा, तू कोनाच्या बाजूनं हाय?"

"पोटाच्या," कोंडाजी म्हणाला.

"पोट मला बी हाय."

"तुला नुस्तं पोट हाय. मला घर हाय. मुकादमी गेली तर तू देनार का आनून?"

विठूकाका उठला. ताटात भात तसाच होता. त्यावर क्षणात माशा बसल्या. कोंडाजीनं ते ताट पुढे ओढलं, माशा हातानं उडवल्या... आणि उरलेला भात स्वतः खाल्ला.

आई म्हणते, मला त्या माणसाची किळस पहिल्यांदा तेव्हा आली.

दसरा तोंडावर आला होता. त्या दिवशी दुपारी गिरणीच्या मागच्या अंगानं ट्रक आले. नवी हाडं घेऊन, आणि हाडांच्या वर बाहेरगावची कामाला आणलेली माणसं बसलेली. मागे रस्ता नव्हता. मागे कोंडाजीचं शेत होतं. उभं भात होतं, कापणीला आलेलं. त्यानं स्वतः बांध फोडून ट्रकना वाट करून दिली होती. स्वतःच्या भातावरून.

फाटकावर कळलं तसा हलकल्लोळ झाला. माणसं मागे धावली. पोलिसांची गाडी आधीच येऊन उभी होती. काठ्या चालल्या. पळापळ झाली. विठूकाका भिंतीवर चढला आणि आत उडी मारली. बाबांनी स्वतः बघितलं.

आत गेला तो गेलाच.

संध्याकाळी कोंडाजी घरी आला. विहिरीवर अंघोळ केली. पाटावर बसला.

आजीनं विचारलं, "विठू कुटं?"

"पळाला."

"कुटं पळाला?"

"घाटात. ठाकूरवाडीला गाडीत चढताना बगितला म्हनं कुनीतरी. पोलिसांच्या भीतीनं गेला. येईल."

आजीनं ताट वाढलं, पण त्यानं फार खाल्लं नाही. "पोट भरलंय," म्हणाला.

पुढारीच गेल्यावर संप किती दिवस टिकणार? दिवाळीआधी गिरणी सुरू झाली. बायका परत उघड्या हातांनी हाडं निवडायला बसल्या. विठूकाका पळपुटा निघाला असं लोक बोलायला लागले. बाबा ऐकून घ्यायचे. बाबा घाटातल्या सगळ्या वाड्यांवर फिरून आले. भिवपुरीपर्यंत जाऊन आले. कुणीच त्याला बघितलं नव्हतं.

"मंग निदान त्याचं काय ते करू या," आजी म्हणायची. "दिवस घालू या."

"जित्या मानसाचे दिवस घालतीस?" कोंडाजी अंगावर धावून जायचा. "येनार हाय तो!"

भात कापून झालं तेव्हा गिरणीचा ट्रक आमच्या दारात आला. खताच्या गोणी. हाडांचा चुरा. साहेबानं कोंडाजीला दिलेली भेट.

पांढरा, बारीक, पिठासारखा चुरा.

कोंडाजीनं तो शेतात टाकला आणि वाल पेरले. आमच्याकडे भातानंतर वालच करतात.

आणि वाल असे आले... असे आले की लोक बांधावर थांबून बघायचे. कमरेएवढे वेल. पानं हाताच्या पंजाएवढी. शेंगा लोंबलेल्या, टचटचीत.

"विठूच्या पायगुनानं जमीन नापीक व्हती," कोंडाजी हसून म्हणाला. "गेला आन् पिकली बगा."

पौष लागला. आता जे घडलं ते नीट ऐका.

एका दुपारी आई चुलीपाशी बसली होती. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते लक्षात येईना. भाकरी थापता थापता ती थांबली.

माशा नव्हत्या.

गावभर माशा होत्या. समोरच्या घराच्या ओटीवर घोंघावत होत्या. पण आमच्या घरात... एकही नव्हती. उघड्या दुधावर नाही. उष्ट्या ताटांवर नाही. शेण टाकलेल्या परसात नाही.

आईनं गुळाचा खडा दारात ठेवून बघितला. माशा उंबऱ्याच्या अलीकडे येत नव्हत्या.

ज्या माशा सडलेल्या हाडांवर बसत होत्या त्यांना आमचं घर नकोसं झालं होतं.

आईनं आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "बरं झालं की गं."

मग आवाज आला.

ठक.

आई म्हणते, आधी वाटलं उंदीर. माजघरात भाताची कणगी होती. बांबूची, शेणानं लिंपलेली, माणसाएवढी. आवाज तिच्यातून आला.

ठक... ठक.

थांबून थांबून. कुणीतरी दमलेल्या माणसानं ठोकावं तसा.

आई जवळ गेली. कणगीला कान लावला.

आतून... अगदी कानापाशी...

ठक.

ती ओरडत अंगणात आली. बाबा शेतावर होते. आजी आली, तिनं कणगीत हात घातला. कोपरापर्यंत भात. दुसरं काही नाही.

"दोन जिवाची हायस," आजी म्हणाली. "या दिवसांत कायबी ऐकू येतं, कसलेबी वास येतात. आमालाबी यायाचे."

आईला हे सगळ्यांनी सांगितलं. तिला भाताला सडका वास यायला लागला तेव्हाही. पाण्याला यायला लागला तेव्हाही. डोहाळे, डोहाळे. ती बिचारी स्वतःलाही तेच सांगत राहिली.

पण वालाचं काय?

पहिल्या तोडणीचे ओले वाल घरात आले. आईनं सोलले, फोडणीला टाकले. शिजले तेव्हा छान दिसत होते. ताटात वाढले... आणि बघता बघता रस्सा घट्ट झाला. चकाकायला लागला. बाबांनी बोट लावलं तर बोटाला तार आली.

तपकिरी, चिकट, लांब तार.

बाबा बॉयलरवर काम करायचे. त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि ताट बाजूला सारलं.

"सरस हाय ह्यो," ते म्हणाले. परसात जाऊन ओकले.

आजीनंही घास थुंकला.

कोंडाजी मात्र खात होता. मान खाली घालून. ओठ एकमेकांना चिकटत होते, तो ते जिभेनं सोडवत होता आणि पुन्हा घास घेत होता. मचमच, मचमच. हनुवटीवरून तार लोंबत होती.

"काय झालं रं? गोड झाल्यात की," तो म्हणाला. "वाड अजून."

आईनं वाढलं. सून होती, काय करणार? डाव फिरवला तेव्हा तळाशी काहीतरी खडखडलं. तिनं ते काढून बघितलं.

नख होतं.

अंगठ्याचं. अख्खं.

तिनं ते बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, "खतातून आलं असंल. ढोराचं खूर."

"खुराला अशी मेंदी लागते का वं?" आई म्हणाली.

नखावर केशरी डाग होता. दसऱ्याआधी, नवरात्रात, गावातल्या पोरींनी मेंदी काढली होती. विठूकाकानं हौसेनं दोन्ही अंगठे रंगवून घेतले होते. पोरींनी चिडवलं होतं त्याला.

बाबा भिंतीला टेकून खाली बसले.

मग ते उठले आणि कोंडाजीसमोर उभे राहिले. हात पुढे केला. तळहातावर नख.

"बा, खरं सांगा. काका कुटंय?"

कोंडाजीनं नखाकडे बघितलं.

आई शपथेवर सांगते... त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

तो आतल्या खोलीत गेला आणि कडी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ठरवलं, शेतातल्या सगळ्या वेलांना आग लावायची. पण तोवर कोंडाजीनं गावातल्या माणसांना पोपटीला बोलावून ठेवलं होतं. थंडीत आमच्याकडे पोपटी करतात. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मीठ, ओवा भरायचा. तोंड पाल्यानं बंद करायचं. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. आतल्या आत शेंगा शिजतात.

लोक संध्याकाळी करतात. कोंडाजीला धीर नव्हता. त्यानं दुपारीच पेटवली.

बांधावर दहा-पंधरा माणसं होती. गिरणीतलीच. सोमीही आली होती, थोटा हात पदरात झाकून. बाबा पोचले तेव्हा जाळ चांगला धरला होता.

"कुनी खाऊ नका," बाबा म्हणाले. "या शेतातलं कायबी खाऊ नका."

"का रं?"

बाबा सांगणार तेवढ्यात...

ठक.

सगळ्यांच्या माना वळल्या.

ठक... ठक...

जाळातून. मडक्यातून.

"शेंगा फुटत असत्याल," कुणीतरी म्हणालं.

पण शेंगा अशा फुटत नाहीत. थांबून, दम घेऊन, पुन्हा. आणि मग जोरात. मडकं जागच्या जागी हललं. निखारे उडाले.

ठक. ठक. ठक. ठक. ठक.

सोमी मागे सरकली. "कोन तरी खाली गाडलंय," ती म्हणाली. "तो भाईर याया ठोकतोय."

बाबांनी काठी घेतली आणि मडकं फोडलं.

पोपटीच्या मडक्याला हात लागत नाही इतकं ते तापलेलं असतं. आत जिवंत काही राहणं शक्य नाही. पण ते फुटलं आणि आतून जे सांडलं ते... वळवळत होतं. पांढरे, बोटाएवढे जाड किडे. वाफाळते. शेंगांच्या सालीतून दाण्यांच्या जागी तेच निघत होते.

आणि तो वास. भाद्रपदातला. आता कुणी त्याला डोहाळे म्हणालं नाही. बांधावरची सगळी माणसं वाकून ओकली.

एक सोडून.

कोंडाजी गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी त्यानं ते ओंजळीत घेतलं. हात भाजत होते, कातडीला फोड येत होते, त्याचं लक्ष नव्हतं. तो खायला लागला. गालांतून ते बाहेर यायचे, तो बोटानं परत आत ढकलायचा.

त्याला ओढून बाजूला करायला चार माणसं लागली.

त्यानंतर घरात कणगीतून आवाज आला नाही.

आवाज आता दुसरीकडून येत होता.

कोंडाजीला खाटेवर निजवलं होतं. पोट फुगून नगाऱ्यासारखं झालेलं. आई पाणी द्यायला वाकली आणि...

ठक.

त्याच्या पोटातून.

कातडी आतून वर उचलली गेली. बोटाचं पेर दिसावं एवढी. परत खाली गेली.

ठक.

आईनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला. माझ्यावर. तिथं मी हलत होते. आणि समोर त्याच्या पोटात... ती म्हणते, त्या क्षणी मला माझ्याच अंगाची शिसारी आली गं. तुझीसुद्धा.

तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी उठून चहा टाकला. काय बोलणार?

खोपोलीहून डॉक्टर आणला. चांगला शिकलेला, वयस्कर माणूस. त्यानं पोटाला नळी लावली. ऐकलं. नळी काढली, पुसली, परत लावली. मग सगळं सामान पिशवीत भरलं आणि कुणाकडेही न बघता निघून गेला. फीसुद्धा मागितली नाही.

त्या दुपारी कोंडाजी बोलला. आजी होती, बाबा होते, आई दारात उभी होती.

"तो भिंतीवरून उतरला," कोंडाजी म्हणाला. "पोलीस मागं व्हते. म्हनून हाडांच्या खड्ड्यात शिरला. दडून बसला. मी बगितला. त्यानं बी मला बगितलं. तोंडावर बोट ठेवलं, सांगू नको म्हनून."

"मग?" बाबांनी विचारलं.

"ट्रक लागला. खड्ड्यात वतायला. साहेब माज्या बाजूला उबा. मी नुस्ता हात वर केला असता तर ट्रक थांबला असता."

"मग?"

"नाय केला. साहेब म्हनला असता, तुजा भाऊ आत कसा शिरला? तूच घेतला असशील."

ठक, पोटातून आवाज आला. कोंडाजीनं पोटावर हात दाबला.

"सगळे ट्रक रिकामे झाले. मग तो ठोकाया लागला. खड्ड्याला पत्रा हाय आतून. त्याच्यावर. मला वाटलं, थांबंल थोड्या येळानं. नाय थांबला. दुपारभर ठोकत व्हता. मी तितंच खुर्ची टाकून बसलो. कुनी जवळ यायला नको म्हनून. साहेबानं जेवन धाडलं सगळ्यांना..."

तो थांबला. जीभ ओठांवरून फिरवली.

"जिलबी व्हती. मी खाल्ली. तो खालून ठोकत व्हता आन् मी जिलबी खाल्ली."

आई सांगते, बाबांनी त्याला तिथंच मारला असता. पण आजी मधे आली.

आजी खाटेपाशी गेली. उभी राहिली. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत, तो जिवंत असताना, कपाळावरचं कुंकू पुसलं. खसाखसा. कातडी लाल होईपर्यंत. मग बांगड्या खाटेच्या खुरावर फोडल्या.

"चंद्रे..." कोंडाजी म्हणाला.

"मी विधवा हाय," आजी म्हणाली. "तुमी कोन ते मला म्हाईत नाय."

पुन्हा तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

बाबा पोलिसांत गेले. साहेबाचं नाव सांगितलं, खड्डा सांगितला. त्यांनी विचारलं, प्रेत कुठाय? बाबा काय सांगणार? आमच्या शेतात आहे? आमच्या पोटात आहे? साहेबाची तोवर बदली झाली होती. कुठे, ते कुणी सांगेना. गावाला मात्र कळलं. बायका कामावरून उठल्या आणि पुन्हा फाटकावर येऊन बसल्या. या वेळी पुरुष त्यांच्या मागे. विठू पळपुटा म्हणणारे सगळ्यांत मागे, मान खाली घालून. उन्हाळा लागता लागता गिरणीनं हातमोजे दिले. बूट दिले. साबण दिला. सोमीला भरपाई मिळाली.

म्हणजे देता येत होतं. आधीही देता येत होतं. मला सगळ्यांत जास्त घाण वाटते ती याची.

कोंडाजी त्याआधीच गेला. माघात. एका सकाळी आईला जाणवलं की आवाज थांबलाय. बघितलं तर मेला होता. तोंड उघडं, जबडा हलता हलता थांबल्यासारखा. पोट सपाट. एकदम सपाट, पाठीला लागलेलं.

आणि त्याच्या तोंडावर माशा बसल्या होत्या. घरात परत माशा आल्या होत्या.

खांदा द्यायला कुणी येईना. बाबांनी बैलगाडीत घालून नेला. चिता नदीकाठी रचली. बाबा आणि दोघं-तिघं म्हातारे, एवढीच माणसं.

तिसऱ्या दिवशी बाबा राख सावडायला गेले. आजीही गेली. बायका जात नाहीत, पण ती गेली. आता जे सांगते ते बाबांनी सांगितलेलं. मघाशी म्हटलं ना, एकदाच सांगितलं. ते हे.

बाबांनी राखेत पाणी शिंपडलं. हाडं वेचायला लागले. कवटीचा तुकडा. मांडीचं हाड. जबडा.

मग आणखी एक जबडा.

त्यांना वाटलं, एकच तुटून दोन झालेत. जुळवून बघितले. जुळेनात. दोन्ही अख्खे होते.

त्यांनी राख उकरली. मांडीची हाडं चार. खांद्याची चार. बोटांची मोजलीच नाहीत त्यांनी. एक माणूस जाळला होता आणि राखेत दोन माणसं होती.

पोटात होता तो तिथं होता. अख्खा.

म्हातारे उठून पळाले. बाबा आणि आजी, दोघंच राहिली.

आजी खाली बसली. पदर पसरला. म्हणाली, "गजा, विठूला येगळा काड. त्याला त्याच्यासंगं ठेवू नको."

बाबांनी प्रयत्न केला. एकेक हाड हातात घेऊन बघितलं. ह्याचं की त्याचं? सख्खे भाऊ होते. सारखीच चण, सारखीच उंची. जळून सगळं एका रंगाचं झालेलं. बाबा निवडत राहिले. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. जिथं बोट लागेल तिथं चुरा होत होता, आणि चुरा तर काय, वेगळा करताच येत नव्हता.

ऊन कलत आलं. हाडं तिथं ठेवून घरी येता येणार नव्हतं. कुत्री लांबून बघत बसली होती.

शेवटी आजीच म्हणाली, "भर."

मडकं एकच आणलेलं. बाबांनी सगळं त्यातच भरलं. कोंडाजी खाली आला की विठूकाका, ते त्यांना कळलं नाही. वरून दाबून भरावं लागलं. मावत नव्हतं.

तसंच नेऊन पाताळगंगेत सोडलं. दोघांच्या नावानं पिंड ठेवले.

मडकं तरंगलं नाही. सोडल्या सोडल्या तळाला गेलं.

आजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मला अंगाखांद्यावर खेळवलं तिनं. कधी कुणाशी मोठ्यानं बोलली नाही. फक्त शेवटच्या आजारात आईचा हात धरून तेच ते विचारत राहिली.

"जया, त्याच्या अंगावर एकदा हाडं वतली त्या मेल्यानं. दुसऱ्यांदा आमी वतली. त्याचीच. ते बी वरून दाबून..."

आई म्हणायची, "जाऊ द्या आत्या. आता शांत झाले असतील ते."

आजी मान हलवायची.

"पान्यात आवाज भाईर येत नाय गं," ती म्हणायची. "ठोकत असला तरी आपल्याला कसं कळंल?"